घटक ४ : अरण्याचे चित्र आणि चित्राची भाषा – राजपुत्र यूजेन यांचे 'स्कूगेन'

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• एकोणिसाव्या शतकातील स्कँडिनेव्हियन भूदृश्यचित्रणाचे तीन मुख्य टप्पे सांगता येतील.
• 'स्कूगेन' (१८९२) या चित्राचे क्रमशः वाचन करता येईल.
• आलंबन विभाव आणि उद्दीपन विभाव या संकल्पनांचा उपयोग निसर्गचित्रणाच्या विवेचनासाठी करता येईल.
• चित्राच्या शीर्षकाचे भाषांतर करताना निर्माण होणारे भाषिक प्रश्न स्पष्ट करता येतील.
• एखाद्या निसर्गवर्णनात काय दाखवले आहे आणि काय वगळले आहे, याचा विचार करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण साहित्यातील निसर्गवर्णनाचे स्वरूप पाहिले. वर्णन म्हणजे डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूंची यादी नव्हे, तर वर्णन करणाऱ्याच्या निवडीतून उभे राहिलेले चित्र होय, हा मुद्दा तेथे आला होता. या घटकात आपण तोच मुद्दा एका प्रत्यक्ष चित्राच्या आधारे तपासणार आहोत. चित्र मराठी परंपरेतील नाही. ते स्वीडन या देशातील आहे आणि इ. स. १८९२ मध्ये रंगवलेले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याने चित्र का पाहावे, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. कवितेत निसर्ग येतो तेव्हा शब्दांचा नाद, वृत्ताची लय आणि परिचित संकेत यांमुळे आपण चटकन भारावून जातो. कवीने कोणती निवड केली, हे वेगळे काढून पाहणे अवघड जाते. चित्रात मात्र ही निवड उघडी असते. चौकट कोठे संपवली, उजेड कोठे ठेवला, माणूस आणला की वगळला, या प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवता येते. चित्रासमोर शिकलेली ही सवय पुढे कविता वाचताना उपयोगी पडते. यासाठी चित्रकलेचे पूर्वज्ञान असण्याची आवश्यकता नाही. सावकाश पाहण्याची तयारी पुरेशी आहे.

४.२ चित्रकार आणि त्याचा काळ

'स्कूगेन' या चित्राचे कर्ते राजपुत्र यूजेन (१८६५–१९४७) हे स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांच्या चार पुत्रांपैकी सर्वांत धाकटे. ऑस्कर यांनी १८७२ पासून १९०७ पर्यंत स्वीडनवर राज्य केले. १९०५ पर्यंत नॉर्वेही त्याच राजमुकुटाखाली होता. राजघराण्यातील व्यक्तीने हौस म्हणून चित्रे काढणे त्या काळी नवलाचे नव्हते. यूजेन यांनी मात्र चित्रकला हाच आपला व्यवसाय मानला. १८८७ ते १८८९ या काळात त्यांनी पॅरिसमध्ये लेआँ बोना, प्युव्ही द शाव्हान इत्यादी चित्रकारांकडे शिक्षण घेतले. स्वीडनमधील नव्या पिढीच्या चित्रकारांशी, तसेच एरिक वेरेन्स्कियोल्ड आणि गेरहार्ड मुंथे या नॉर्वेजियन चित्रकारांशी त्यांची मैत्री होती.

ही नवी पिढी बंडखोर होती. १८८५ मध्ये स्वीडिश चित्रकारांच्या एका मोठ्या गटाने राजधानीतील कला अकादमीच्या जुन्या शिक्षणपद्धतीविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि पुढच्याच वर्षी आपला स्वतंत्र कलाकार संघ स्थापन केला. राजाश्रयाने चालणाऱ्या संस्थेला आव्हान देणाऱ्या या वर्तुळाशी राजाच्याच मुलाचे जवळचे नाते असावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

'स्कूगेन' हे चित्र यूजेन यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी रंगवले. मध्य स्वीडनमधील सोडरमानलांड या प्रांतात फ्येलशेफ्ते नावाच्या ठिकाणी ते त्या काळात राहत असत. तेथील परिसरात हे चित्र साकार झाले. आज ते गोथेनबर्ग येथील कलासंग्रहालयात आहे. यूजेन पुढे स्टॉकहोममधील वाल्डेमार्सुद्दे या निवासस्थानी राहिले. मृत्यूनंतर ते घर आणि तेथील कलासंग्रह त्यांनी राष्ट्राला दिला आणि १९४८ पासून ते सार्वजनिक संग्रहालय म्हणून खुले आहे.

४.३ चित्राचे वाचन

चित्र कॅनव्हासवर तैलरंगात रंगवलेले आहे. त्याची उंची सुमारे दीड मीटर, तर रुंदी सुमारे एक मीटर आहे. भूदृश्याची चौकट बहुधा आडवी असते, कारण क्षितिज आडवे असते. येथे चौकट उभी आहे. हा पहिला निर्णय लक्षात घ्या. चित्रकाराला विस्तार दाखवायचा नाही. त्याला उंची आणि खोली दाखवायची आहे.

चौकटीत सूचिपर्णी वृक्षांची सरळ, उंच खोडे दिसतात. जवळची खोडे जाड आणि काळपट आहेत. मागे जावे तशी ती बारीक आणि दाट होत जातात. वृक्षांचे शेंडे वरच्या कडेने कापले गेले आहेत. आपण वृक्ष पाहात आहोत, पण एकही वृक्ष पूर्ण पाहात नाही. हा दुसरा निर्णय. टेकडीवर उभे राहून अरण्य पाहिले तर शेंडे दिसतात. शेंडे दिसत नाहीत याचा अर्थ पाहणारा आत उभा आहे. हे अरण्य बाहेरून पाहिलेले नाही.

जमीन गडद आहे. तीवर पायवाट नाही, फुले नाहीत, प्राणी नाही आणि माणूसही नाही. नजरेला विसावण्यासाठी जवळ काहीही ठेवलेले नाही, म्हणून ती खोडांच्या फटींतून मागे सरकत जाते. तेथे, अरण्याच्या पलीकडच्या बाजूला, मावळतीच्या आकाशाचा पिवळसर उजेड तुकड्यातुकड्यांनी दिसतो. सबंध चित्रातील तेवढाच उजेड आणि तोही आपल्यापासून सर्वांत दूर. हा तिसरा निर्णय. तो उजेड अरण्य उजळवीत नाही. उलट त्याच्यामुळे अलीकडचा अंधार अधिक जाणवतो.

या उजेडामागे एक भौगोलिक कारणही आहे. स्वीडनचा हा भाग सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर येतो. विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो, म्हणून अंधार लवकर पडतो. उत्तरेकडे जावे तसा तो अधिकाधिक तिरका उतरतो आणि संधिप्रकाश रेंगाळतो. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास तेथील संधिप्रकाशाचा काळ महाराष्ट्रातील संधिप्रकाशाच्या जवळजवळ दुप्पट असतो; उन्हाळ्याच्या मध्यावर तर तो रात्रभर पुरतो. आपल्याकडे 'तिन्हीसांजा' हा थोडा वेळ टिकणारा, ओलांडून जाण्याचा क्षण आहे. उत्तरेकडे ती राहण्याजोगी अवस्था आहे. त्यामुळे १८९० नंतरच्या स्कँडिनेव्हियन चित्रकारांनी दिवसाच्या स्वच्छ उजेडापेक्षा सांज आणि उन्हाळी रात्र यांची निवड वारंवार केली, यात आश्चर्य नाही.

*आपली प्रगती तपासा – १*
१) 'स्कूगेन' या चित्राची चौकट उभी असल्यामुळे काय साधले आहे?
२) वृक्षांचे शेंडे न दाखवण्यातून पाहणाऱ्याचे स्थान कसे कळते?

४.४ भूदृश्यचित्रणाच्या तीन वाटा

हे निर्णय किती वेगळे होते, हे समजण्यासाठी आधीच्या चित्रकारांनी काय केले होते ते पाहावे लागेल.

*(अ) भव्य निसर्ग :* शतकाच्या मध्यावर अनेक स्कँडिनेव्हियन चित्रकार जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे शिकत होते. नॉर्वेचा ऑगस्ट कॅपेलन (१८२७–१८५२) आणि स्वीडनचा मार्कुस लार्सन (१८२५–१८६४) हे त्यांपैकी होत. त्यांच्या चित्रांत निसर्ग नाट्यमय आहे : कोसळणारे धबधबे, वादळी आकाश, उन्मळून पडलेले वृक्ष. कॅपेलनच्या १८५२ मधील एका चित्राच्या नावाचा अर्थच 'लोप पावत चाललेले आदिम अरण्य' असा आहे. त्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कॅपेलनचा मृत्यू झाला. येथे निसर्ग माणसापेक्षा मोठा आहे आणि त्याच्यासमोर माणसाने स्तिमित व्हावे अशी अपेक्षा आहे. स्वच्छंदतावादाच्या संदर्भात आपण अभ्यासलेली 'उदात्त' ही संकल्पना येथे ठळकपणे दिसते.

*(आ) प्रत्यक्ष निसर्ग :* १८८० नंतरच्या दशकात तरुण चित्रकार फ्रान्सकडे वळले. पॅरिसपासून जवळच असलेल्या ग्रे-स्युर-ल्वाँ या खेड्यात कार्ल लार्सन, कार्ल नूर्डस्ट्रम आदी स्वीडिश चित्रकारांनी उघड्यावर बसून चित्रे काढली. स्टुडिओत बसून वादळ कल्पण्यापेक्षा समोरचा भाजीचा मळा आणि त्यावरचे फिकट ऊन जसे आहे तसे टिपणे त्यांना महत्त्वाचे वाटले. हा वास्तववादाचा टप्पा होय.

*(इ) भाववृत्तीचा निसर्ग :* हेच चित्रकार मायदेशी परतल्यावर त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. फ्रान्समधील सौम्य, राखाडी उजेड टिपण्यासाठी कमावलेली पद्धत स्वीडनच्या काळोख्या अरण्यांना आणि लांबलेल्या सांजेला पुरी पडत नव्हती. १८९३ ते १८९६ या काळात नूर्डस्ट्रम, निल्स क्रूगर आणि रिचर्ड बर्ग हे तिघे पश्चिम किनाऱ्यावरील वारबर्ग या गावी एकत्र काम करीत होते. बारीकसारीक तपशील गाळणे, आकार सोपे करणे, रंगांची संख्या कमी ठेवणे आणि दृश्यापेक्षा त्याचा मनावर उरलेला ठसा रंगवणे, अशी त्यांची दिशा होती. 'स्कूगेन' हे त्याआधीच्या वर्षीचे चित्र असून या तिसऱ्या वाटेच्या आरंभी उभे आहे.

तिन्ही टप्पे पुन्हा एकदा ओळीने पाहा. पहिल्यात निसर्ग माणसाला हादरवतो. दुसऱ्यात माणूस निसर्गाचे निरीक्षण करतो. तिसऱ्यात निसर्ग आणि पाहणाऱ्याचे मन यांच्यातील सीमारेषाच पुसट होते.

४.५ भाववृत्ती आणि विभाव

तिसऱ्या वाटेच्या चित्रांना स्वीडिश भाषेत ज्या शब्दाने ओळखले जाते तो शब्द आहे 'स्टेमनिंग'. मराठीत त्यासाठी 'भाववृत्ती', 'मनःस्थिती', 'वातावरण' असे पर्याय सुचतात. पण त्यांतील कोणताही एक पुरेसा नाही. 'मनःस्थिती' म्हटले की ती पाहणाऱ्याच्या आत असते. 'वातावरण' म्हटले की ते बाहेर असते. 'स्टेमनिंग' एकाच वेळी दोन्हीकडे असते. ज्या क्रियापदाशी हा शब्द संबंधित आहे, त्याचा एक अर्थ 'वाद्य सुरात लावणे' असा आहे. हे लक्षात घेतले म्हणजे मराठीतील एक जुना प्रयोग मदतीला येतो. मैफलीत 'सूर लागला' असे आपण म्हणतो तेव्हा तो सूर गायकाचा की श्रोत्याचा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. 'स्कूगेन' या चित्रात अरण्य आणि पाहणारा यांचा असा सूर लागलेला आहे.

भारतीय साहित्यशास्त्रातील परिभाषा येथे उपयोगी पडते. रसप्रक्रियेत ज्याच्या आधाराने भाव जागा होतो तो आलंबन विभाव आणि जागा झालेला भाव ज्यामुळे वाढतो तो उद्दीपन विभाव, हे आपणांस ठाऊक आहे. शृंगाराच्या पारंपरिक वर्णनात नायक-नायिका हे आलंबन असतात. चांदणे, उपवन, कोकिळेचा स्वर हे उद्दीपन असते. ज्याच्या मनात भाव जागा होतो तो आश्रय. या मांडणीत निसर्गाला बहुतेक वेळा साहाय्यकाची जागा मिळते. माणसांचा प्रसंग चालू असतो आणि निसर्ग त्याला साथ करतो.

'स्कूगेन' या चित्राला ही मांडणी लावून पाहा. येथे कोणताही मानवी प्रसंग नाही. निसर्ग साथ तरी कोणाला करणार? म्हणून येथे अरण्य हे उद्दीपन न राहता आलंबन बनते. भाव जागा होतो तो त्याच्याच आधाराने. मग आश्रय कोण? चित्रात कोणीही नाही. ती जागा मोकळी आहे आणि चित्रासमोर उभा राहणारा प्रत्येक जण ती भरून काढतो. शेंडे कापून पाहणाऱ्याला अरण्याच्या आत उभे करण्याचा निर्णय येथे अर्थपूर्ण ठरतो. चित्रकाराने माणूस वगळला, असे आपण म्हटले होते. अधिक नेमके म्हणायचे तर त्याने माणसाची जागा पाहणाऱ्यासाठी राखून ठेवली.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ही परिभाषा नाट्याच्या आणि काव्याच्या विवेचनासाठी घडली आहे आणि राजपुत्र यूजेन यांच्यासमोर ती नव्हती. आपण तिचा उपयोग समजून घेण्याचे साधन म्हणून करीत आहोत. चित्रकाराचा हेतू म्हणून नव्हे. साधन कोठपर्यंत चालते हे सांगणे, हाही समीक्षेचाच भाग आहे. या चित्रातील भाव शांत, भयानक की अद्भुत रसाकडे झुकतो, हे ठामपणे सांगता येत नाही. अंधार थोडा भिववतो, खोडांची शिस्त मन स्थिर करते, दूरचा उजेड ओढून नेतो. रसाचे एकच नाव देण्याचा अट्टाहास केला, तर चित्रातील ही संमिश्रता हातची निसटते.

*आपली प्रगती तपासा – २*
१) 'स्टेमनिंग' या संकल्पनेसाठी 'वातावरण' हा पर्याय अपुरा का पडतो?
२) 'स्कूगेन' या चित्रात आश्रयाची जागा कोण घेतो?

४.६ शीर्षकाचा प्रश्न

आता शीर्षकाकडे वळू. स्वीडिश भाषेत 'स्कूग' म्हणजे वन. त्याला शेवटी '-एन' हा प्रत्यय लागून 'स्कूगेन' हा शब्द होतो. हा प्रत्यय निश्चितता दाखवतो. 'एन स्कूग' म्हणजे कोणतेही एक वन; 'स्कूगेन' म्हणजे ते वन, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेले. इंग्रजीत निश्चितता दाखवणारा शब्द नामाच्या आधी स्वतंत्रपणे येतो. स्वीडिश, नॉर्वेजियन आणि डॅनिश या भाषांत तो सामान्यतः नामाच्या शेवटी जोडला जातो.

मराठी भाषा विभक्तिप्रत्यय नामाच्या शेवटी जोडते, परंतु निश्चिततेसाठी तिच्यात असा प्रत्यय नाही. म्हणून मराठीला निश्चितता दाखवता येत नाही, असे मात्र समजू नये. 'एक बस आली' आणि 'बस आली' ही दोन वाक्ये पाहा. पहिल्यातील बस कोणतीही असू शकेल. दुसरे वाक्य थांब्यावर ऐकले की आपण पिशवी उचलतो, कारण ती आपली, वाट पाहिलेली बस असते. मराठीत नुसते नामही संदर्भाच्या बळावर निश्चित होते. अडचण अशी की चित्राच्या शीर्षकाला संदर्भ नसतो. भिंतीवरील पाटीवर 'वन' एवढेच लिहिले, तर ते 'ते वन' आहे की 'वन ही कल्पना' आहे, हे कळत नाही. 'ते वन' असे लिहावे, तर दर्शक सर्वनामामुळे बोट दाखवल्यासारखे होते आणि 'कोणते?' असा प्रश्न उभा राहतो. स्वीडिश प्रत्यय असे बोट दाखवीत नाही. तो परिचय गृहीत धरतो.

दुसरा प्रश्न नामाच्या निवडीचा आहे. मराठीत वन, अरण्य, जंगल, रान असे पर्याय आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा वेगवेगळ्या आहेत. 'अरण्य' हा शब्द 'दूरचे, परके' अशा अर्थाच्या 'अरण' या शब्दाशी जोडला जातो. जुन्या वाङ्मयात तो 'ग्राम' या शब्दाच्या विरोधात येतो. 'जंगल' या शब्दाचे मूळ असलेल्या 'जाङ्गल' या संस्कृत शब्दाचा रोख कोरड्या, विरळ झाडीच्या प्रदेशाकडे होता. दाट झाडी हा अर्थ पुढचा. 'वन' हा शब्द सर्वांत तटस्थ आणि म्हणूनच सरकारी व्यवहारात रुळलेला. 'रान' हा शब्द मात्र बोलण्यातला आहे. माणूस सकाळी 'रानात' जातो आणि संध्याकाळी घरी येतो. रानमेवा, रानफूल, रानवाट या शब्दांत जवळीक आहे.

'स्कूग' हा स्वीडिश शब्द लाकूडतोड्याच्या आणि कवीच्या तोंडी सारखाच असतो. शिवाय त्याला लागलेला प्रत्यय परिचय सूचित करतो. अशा शीर्षकाला 'अरण्य' म्हटले, तर भारदस्तपणा येतो, पण मुळातच परकेपणा सांगणारा शब्द परिचित गोष्टीला दिला जातो. 'रान' म्हटले, तर जवळीक येते, पण रानात शेतही येते, खुरटी झुडपेही येतात आणि चित्रातील उंच खोडांची गंभीरता उणावते. आम्ही विवेचनात 'अरण्य' हा शब्द वापरला आहे, कारण अभ्यासपुस्तिकेच्या भाषेला तो मानवतो. शीर्षकासाठी मात्र 'रान' हा शब्द मूळच्या अधिक जवळ जातो, असे आमचे मत आहे. आपले मत वेगळे असू शकते. ते कारणांसह मांडता येणे महत्त्वाचे.

४.७ चित्रात जे नाही

निश्चिततेच्या प्रत्ययाने आणखी एक प्रश्न उभा केला आहे. 'ते वन' म्हणजे कोणाच्या परिचयाचे वन?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनमधील अरण्ये ही मोठ्या उद्योगाचा कच्चा माल झाली होती. उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावर वाफेवर चालणाऱ्या लाकूड कापण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या. अंतर्भागात तोडलेले ओंडके नद्यांतून वाहत किनाऱ्यावर येत आणि कापलेले लाकूड युरोपच्या बाजारपेठांत जाई. १८७९ मध्ये सुंड्सव्हाल परिसरातील गिरण्यांच्या हजारो कामगारांनी मजुरी कमी केल्याच्या विरोधात संप केला आणि तो मोडून काढण्यासाठी सैन्य पाठवले गेले. त्याच शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दहा लाखांहून अधिक स्वीडिश माणसे देश सोडून अमेरिकेला गेली. ज्यांचे जगणे शेतावर आणि अरण्यावर अवलंबून होते, अशा कुटुंबांचा त्यांत मोठा भरणा होता.

यांपैकी काहीही 'स्कूगेन' या चित्रात नाही. तोडलेला बुंधा नाही, कुऱ्हाड नाही, ओंडका नाही. सर्व खोडे उभी आहेत. याच काळात अरण्य हे स्वीडिश मनाचे, स्वीडिश राष्ट्राचे प्रतीक म्हणून गौरवले जाऊ लागले होते. १८९१ मध्ये आर्तुर हाझेलियस यांनी स्टॉकहोममध्ये स्कान्सेन हे खुले संग्रहालय उभारले आणि ग्रामीण घरे उचलून तेथे आणून मांडली. जे हातचे निसटत होते ते जपण्याची आणि जपताना त्याला आदर्श रूप देण्याची ही वृत्ती होती. अरण्य कापले जाऊ लागले तेव्हाच ते प्रतीक बनू लागले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

मग हे चित्र खोटे आहे काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. लाकूडतोड्याचे चित्र काढले असते तर ते अधिक खरे झाले असते, असे मानण्यात विषय आणि सत्य यांची गल्लत आहे. सांजवेळी अरण्यात एकट्या उभ्या असलेल्या माणसाला जे जाणवते ते खरेच असते आणि ते जाणवण्यासाठी राजपुत्र असावे लागत नाही. दिवसभर झाडे तोडून परतणाऱ्यालाही ते जाणवू शकते. पण त्या जाणिवेसाठी थांबण्याची सवड कोणाला होती, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. चित्राचा आस्वाद आणि त्याच्या काळाची चिकित्सा या दोन्ही गोष्टी एकाच वाचकाने करावयाच्या असतात. एक केली म्हणजे दुसरीची गरज उरत नाही, असे नाही.

या चित्रासारख्या कलाकृतींनी अरण्याकडे पाहण्याची जी सवय लावली, तिचा पुढील काळातील विचारांशीही संबंध आहे. १९०३ मध्ये स्वीडनने कायदा करून वृक्षतोडीनंतर त्या जागी नवे अरण्य वाढवणे बंधनकारक केले. १९०९ मध्ये तेथे नऊ राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली. युरोपातील ती पहिली राष्ट्रीय उद्याने होत. पहिल्या निर्णयामागे उद्योगाला लाकूड पुरत राहावे हा हिशेब होता. दुसऱ्यामागे काही प्रदेश हिशेबाबाहेर ठेवावेत ही भावना होती. चित्रांमुळे कायदे झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र एखादी गोष्ट राखावी असे वाटण्यापूर्वी ती पाहण्याजोगी वाटावी लागते आणि ते काम चित्रे आणि कविता करीत असतात.

४.८ समारोप

या घटकात आपण एकाच चित्राचे चार अंगांनी वाचन केले : चौकटीतील निवडी, परंपरेतील स्थान, भाववृत्तीचे स्वरूप आणि शीर्षकाची भाषा. त्यानंतर चित्राने वगळलेल्या गोष्टींचा विचार केला. हाच क्रम कोणत्याही निसर्गकवितेला लावता येतो. बालकवींची 'औदुंबर' ही कविता आपल्या अभ्यासात आली असेल. तिचा आणि स्वीडिश चित्राचा काहीही संबंध नाही. परंतु पाहणारा कोठे उभा आहे, नजर कोणत्या क्रमाने फिरते, माणूस कोठे आहे आणि कोठे नाही, हे प्रश्न तिलाही विचारता येतील. उत्तरे वेगळी येतील. ती कोठे आणि का वेगळी येतात, हे शोधणे हाच खरा अभ्यास होय.

४.९ पारिभाषिक शब्द

*भूदृश्यचित्र* : निसर्गातील स्थळ हाच मुख्य विषय असलेले चित्र.
*संधिप्रकाश* : सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर आकाशात असणारा उजेड.
*आलंबन विभाव* : ज्याच्या आधाराने भाव जागा होतो तो विभाव.
*उद्दीपन विभाव* : जागा झालेला भाव वाढवणारा विभाव.
*आश्रय* : ज्याच्या ठिकाणी भाव जागा होतो ती व्यक्ती.
*निश्चितता* : नामाने दर्शवलेली वस्तू बोलणाऱ्यास व ऐकणाऱ्यास परिचित असल्याचे सूचित करणारा व्याकरणिक विशेष.

४.१० स्वाध्याय

१) स्कँडिनेव्हियन भूदृश्यचित्रणाच्या तीन टप्प्यांतील निसर्गविषयक दृष्टिकोनांची तुलना करा.
२) 'स्कूगेन' या चित्रात अरण्य हे आलंबन विभाव आहे, या विधानाची चर्चा करा. या मांडणीच्या मर्यादाही सांगा.
३) 'रान', 'अरण्य', 'वन' आणि 'जंगल' यांपैकी कोणता शब्द या शीर्षकासाठी आपण निवडाल? कारणे द्या.
४) आपल्या घराजवळील किंवा कामाच्या वाटेवरील एखादे झाड अथवा झाडी सायंकाळी दहा मिनिटे पाहा. तिचे वर्णन पंधरा ओळींत लिहा. त्यानंतर आपण वर्णनातून कोणत्या तीन गोष्टी वगळल्या आणि त्या का वगळल्या, हे पाच ओळींत लिहा.